झाड उलट बोलत नाही

‘सर, चांगली स्वयंसेवी संस्थाच मिळत नाही.’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. नाचता येईना, अंगण वाकडं. शोधलंस कुठं? लॅपटॉपवर? हॉटेलात भरलेल्या परिषदेत, चहाच्या टेबलाशी? चाकणजवळ म्हाळुंग्यात भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत, तिकडे गेलास कधी? नाणेकरवाडीत पाळी सुटल्यावर रस्त्याकडेला उभा राहिलास? खराबवाडीच्या अंगणवाडीताईंना विचारलंस, की बाई, इथं पोरांच्या अडीनडीला कोण धावून येतं? नाही ना? मग मिळत नाही म्हणू नकोस. शोधलं नाही म्हण.

तुला समजत नसतं तर मी बोललोच नसतो. ज्याला येतच नाही त्याच्यावर मी वर्गात कधी आवाज चढवला नाही. तुला येतं. तू खेड तालुक्यातला. एमआयडीसीत जमीन गेली तेव्हा घरात काय काय बोलणं झालं, ते तू कानानं ऐकलंस. कंपनी आली की गावाचं भलं होईल, हे तुझ्या वडिलांना सांगितलं होतं कुणीतरी. आज तू तशाच एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागात बसतोस. त्या शब्दाचा हिशेब आता तुझ्या टेबलावर आलाय. आणि तू काय करतोस? मार्चची वाट बघतोस.

मार्चचंच बोलू. फेब्रुवारी सरत आला की संस्थांना तुझे फोन सुरू. ‘ताई, आठ दिवसांत प्रपोजल पाठवा, पैसे संपवायचेत.’ संपवायचेत? पैसे संपवायला दिलेत तुला? कलम तुला पाठ आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. कंपनी कायदा 2013, कलम 135, लागू 1 एप्रिल 2014 पासून. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के. खर्च करताना कारखाना जिथं आहे त्या परिसराला प्राधान्य. जानेवारी 2021 मध्ये नियम बदलले. सलग चालणाऱ्या प्रकल्पाचे उरलेले पैसे वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्चायचे. म्हणजे दमानं काम करायची वाट कायद्यानंच मोकळी करून ठेवली आहे. मग 31 मार्चच्या भीतीनं बाक असलेल्या शाळेत आणखी बाक कशाला टाकतोस? मी सांगतो कशाला. बाकाचं बिल एका दिवसात हातात पडतं. सातवीनंतर घरी बसलेली पोरगी पुन्हा शाळेत रुळायला वर्षं जातात, आणि त्याचं बिल कोणत्या दुकानात फाडून मिळत नाही. तू काम निवडत नाहीस. तू बिल निवडतोस.

दुसरी सबब. ‘पाच टक्क्यांच्या वर पगाराला देता येत नाही सर, कायदाच आहे.’ कुठल्या कायद्यात? नियम उघड. ओळीवर बोट ठेवून वाच. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला. तुझा पगार, तुझं ऑफिस, तुझी स्टेशनरी. एखादा ठरावीक प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं, त्याचं मूल्यमापन करणं, याचा थेट खर्च त्यात धरायचा नाही, हे त्याच व्याख्येत लिहिलंय. वस्तीत घरोघर फिरून पोरं गोळा करणारी ताई म्हणजेच तो प्रकल्प. तिला काढून टाक, काय उरतं? चार तक्ते आणि एक बॅनर. स्वतःच्या पायातली बेडी तू तिच्या पायात घातलीस. नियम वाचायचा कंटाळा तुझा, आणि उपाशी राहायचं तिनं?

आणि ते बॅनर. लोगो किती इंचांचा, पाहुण्यांच्या डोक्यावर नीट येतो की नाही, यावर तुझी तासाची बैठक होते. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती असले एकदाच करायचे खर्च सीएसआर धरता येणार नाहीत, असं सरकारनं जून 2014 च्या परिपत्रकातच सांगितलं. मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्वही 2021 च्या नियमांनी बाहेर ठेवलं. तुला हे माहीत नाही असं मी धरत नाही. माहीत असून पळवाट काढतोस, तेच दुखतं.

आता तुझ्याच शॉपफ्लोअरवर चल. साधा एक ब्रॅकेट हवाय. व्हेंडर कसा निवडतोस? माणसं पाठवतोस. त्याची प्रेस बघतोस, ऑपरेटर बघतोस. सॅम्पल मागवतोस, परत पाठवतोस, का परत पाठवलं ते लिहून देतोस. डायचा खर्च कुणी सोसायचा ते आधी ठरवतोस. पुढचं शेड्यूल दाखवतोस, तेव्हा कुठं तो कर्ज काढून मशीन घ्यायला धजतो. रिजेक्शन वाढलं तर तुमचा इंजिनिअर त्याच्या शेडमध्ये जाऊन बसतो, माल सुधारेपर्यंत हलत नाही. व्हेंडर डेव्हलपमेंट नावाचं खातंच आहे तुमच्याकडे. भोसरी, तळवडे, चिखलीतल्या कितीतरी शेड अशाच उभ्या राहिल्या. एका ब्रॅकेटसाठी एवढी मेहनत! आणि दोनशे पोरांच्या शिक्षणासाठी? एक मेल, एक एक्सेल, एक फोटो. शेड्यूल नाही, सॅम्पल नाही, शेडमध्ये जाणं नाही. संस्थेची कागदपत्रं अपुरी आहेत म्हणून फाइल बंद. अरे, व्हेंडरची कागदपत्रं अपुरी होती तेव्हा तुमचाच माणूस त्याच्या सीएकडे गेला होता ना? सीएसआर-1 चा फॉर्म आहे, आयकर खात्याची नोंदणी आहे, देणगीच्या करसवलतीची मान्यता आहे, तीन वर्षांच्या कामाचा दाखला आहे. अवघड आहे, अशक्य नाही. ज्या महिला मंडळाला हे सगळं जमणार नाही, त्याला नोंदणी झालेल्या मोठ्या संस्थेच्या सोबतीनं काम देता येतं. तुला वाटा दिसतात. चालायचे कष्ट नकोत.

जपान्यांकडून गेंबा शिकलास. काम जिथं होतं तिथं जायचं, डोळ्यांनी बघायचं, करणाऱ्याला विचारायचं. भिंतीवर पोस्टर लावलंय. तो नियम गेटच्या आतल्यापुरताच का?

‘पण असं कुणी करतं का, सर?’ करतं. तुझ्या नाकासमोर करतं. चिंचवडच्या थरमॅक्सचं नाव तू रोज वाचतोस. आकांक्षा फाउंडेशन ही संस्था 1991 मध्ये मुंबईत सुरू झाली, शाळांच्या रिकाम्या वर्गांत वस्तीतली पोरं शिकवायला. पुढे पुण्यात महापालिकेच्या शाळा चालवायला तिनं हात घातला, तेव्हा थरमॅक्सचं फाउंडेशन 2007 पासून तिच्या पाठीशी उभं राहिलं. इमारत पालिकेची, शिकवणं संस्थेचं, पैसा आणि धीर कंपनीचा. आज पिंपरी-चिंचवडमध्येही आकांक्षाच्या शाळा आहेत. 2007, नीट ऐक. दोन टक्क्यांचा कायदा लागू व्हायला सात वर्षं होती. कुणी छडी घेऊन मागे लागलं नव्हतं. आकुर्डीची जानकीदेवी बजाज ग्राम विकास संस्था तर 1987 पासून गावांत काम करते. तुला छडी दाखवूनही हलायला मार्च लागतो.

डोअर स्टेप स्कूल बघ. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी 1988 मध्ये मुंबईत सुरू केली, मग पुण्याकडे आली. वाकड, मोशी, रावेतला टॉवर उठतात ते बांधणाऱ्यांची पोरं कुठं असतात? खडीच्या ढिगाशेजारी. बिल्डरानं साइटवर एक खोली द्यायची, वीज-पाणी द्यायचं, संस्थेनं शिक्षिका आणायची. यात मोठं अर्थशास्त्र नाही. फक्त बिल्डरला एक खोली मोकळी करावी लागते, आणि साइट हलली की पोरं कुठं गेली याची विचारपूस करावी लागते. तुमच्या कंपनीचं एक्स्टेन्शन चाललंय ना? त्या साइटवर किती पोरं आहेत, आकडा सांग. माहीत नाही? सिमेंटच्या गोण्यांचा आकडा मात्र पाठ असेल.

आणि पाबळ. राजगुरुनगरहून शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं पाबळ तुला नव्यानं सांगायला नको. डॉ. श्रीनाथ कालबाग हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. ते सोडून 1983 मध्ये या कोरड्या गावात आले आणि विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या पोरांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं. वेल्डिंग करायचं, वायरिंग करायचं, रोपं लावायची, जनावर सांभाळायचं, रक्त तपासायचं. शिकवायला गावातलेच कारागीर. काम पण कसलं? गावाला हवं असलेलं. शाळेचं गेट, शेजाऱ्याचा मोडका पंप. कंपनीत मुरलेल्या माणसानं हे केलं, हे ध्यानात ठेव. 2003 मध्ये ते गेले, काम थांबलं नाही. त्यांची पद्धत पुढे राज्यातल्या कितीतरी शाळांत गेली, त्यात कंपन्यांचा पैसाही लागला.

आता सांग. चाकणच्या कारखानदारांच्या प्रत्येक बैठकीत रडगाणं एकच : कुशल माणूस मिळत नाही. पोराला कुशल कसं करायचं हे चाळीस वर्षं करून दाखवणारी जागा तुझ्याच मुलखात आहे. तू तिथं किती वेळा गेलास? गेलास तर काय मागायला गेलास, फोटो की शिक्षण? मागच्या वर्षी तुझ्या कंपनीनं कौशल्य विकासाचा कोर्स घेतला. तीन महिने, प्रमाणपत्र, टोपी, टाळ्या. त्यातली किती पोरं आज कामावर आहेत? कोणत्या पगारावर? किती जणांना कंत्राटदारानं अकराव्या महिन्यात घरी बसवलं? ओठ आवळू नकोस. हा आकडा तुझ्या अहवालात नाही, कारण तू तो कधी विचारलाच नाहीस.

आता मूळ दुखण्याकडे येतो. झाडं. जून आला की तुम्ही सगळे टेकडीवर. खड्डे आयते, रोपं आयती, पाहुणा आयता. झाडांशी माझं भांडण नाही, झाडं लावावीत, जगवावीत. पण दरवर्षी झाडंच का? इतकी कामं पडली असताना? उत्तर तुला ठाऊक आहे. झाड उलट बोलत नाही. झाड विचारत नाही की तुमच्या सप्लायरच्या शेडमध्ये प्रेसचा सेन्सर का काढून ठेवलाय. वस्तीत काम करणारी संस्था विचारते. म्हणून ती तुला ‘चांगली’ वाटत नाही.

सेफ इन इंडिया नावाची संस्था हरियाणात मानेसरच्या पट्ट्यात उभी राहिली. गाड्यांचे सुटे भाग बनवताना हात चेंगरलेल्या कामगारांना ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे उपचार आणि पैसे मिळवून देणं हे तिचं काम. 2019 पासून ती ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल काढते. बोटं जातात ती बहुधा पॉवर प्रेसवर. जखमींत परगावच्या, कंत्राटी पोरांचा भरणा. कामावर घेतानाच मिळायला हवं ते ईएसआयचं कार्ड बहुतेकांच्या हातात पडतं अपघात झाल्यावर. तिचं काम आता पुण्याच्या बाजूलाही आलंय. तुझ्या दारात. तू फोन केलास? की ‘ही मंडळी कंपनीच्या विरोधात आहेत’ म्हणून नंबरच उतरवून घेतला नाहीस?

विरोधात? ती तुझ्या पुरवठासाखळीची फुकटची तपासणी करतेय. तुमचे ऑडिटर तारीख कळवून जातात, तेव्हा शेड धुऊन ठेवलेली असते. संस्थेला सांगतो तो बोट गेलेला पोरगा, दवाखान्याच्या बाकावर बसून. कोणती माहिती खरी? ती यादी घेऊन खरेदी विभागात जा. म्हण, या तीन शेडना प्रेसवर गार्ड बसेपर्यंत ऑर्डर नाही. याला सीएसआरचा एक पैसा लागत नाही, आणि लावूही नकोस. कामगाराचं बोट शाबूत ठेवणं हा कायद्यानं अंगावर टाकलेला बोजा आहे, दान नव्हे. याला लागते छाती. तुझी आहे का तेवढी?

वस्तीचं ऐकलं नाही की काय होतं, तेही बघ. डिसेंबर 2023 मध्ये तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्यांच्या मेणबत्त्या बनवणारी शेड जळाली. मेल्या त्या बहुतेक पोटासाठी आलेल्या बाया. अशा शेडमध्ये कुणाची सून कामाला जाते, दार कुठल्या बाजूनं बंद असतं, दारू कुठं रचून ठेवतात, हे सगळ्यात आधी कुणाच्या कानावर येतं? सरकारी निरीक्षकाच्या? तुझ्या? बचत गट चालवणाऱ्या बाईच्या कानावर येतं. आणि त्या बाईचं ऐकून घेण्याची सोय अख्ख्या औद्योगिक पट्ट्यात नाही. तिला बोलवतोस तू फक्त महिला दिनाला, गुलाबाचं फूल द्यायला.

हे भागीदारी शब्दाला शोभतं? करारनाम्यावर तो शब्द छापलाय म्हणून विचारतो. भागीदार असेल तर त्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. ‘साहेब, इथं कॉम्प्युटर लॅब नको, आधी मुलींसाठी संडास हवा’ असं म्हणता आलं पाहिजे. तुला कुणी संस्थावाला असं म्हणाला, तर पुढच्या वर्षी त्याचं नाव यादीत राहतं का? छातीवर हात ठेवून सांग.

तुझ्या बाकावर बसायचा तोही आठवतोय मला, संस्था काढलेला. त्यालाही हे वाचायला दे. संस्थावाल्या, तूही सुटणार नाहीस रे बाबा. एका वर्षी तू आरोग्यात, पुढच्या वर्षी कौशल्यात, त्याच्या पुढच्या वर्षी झाडांत. देणगीदार जिकडे तोंड करील तिकडे तुझी संस्था चालते. मग तुझं स्वतःचं काम कोणतं? एकाच शिबिराचा फोटो दोन अहवालांत कसा आला? लाभार्थी पाच हजार लिहितोस, त्यातल्या पन्नासांची नावं तोंडपाठ आहेत? विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. किती वर्षं लोंबकळतोय तो? हिशेब मागितला की ‘आम्ही कार्यकर्ते, कारकून नाही’ म्हणतोस. ज्याच्या नावानं पैसे आणलेस त्या माणसाला त्याचा हिशेब कळायचा हक्क नाही? कंपनीवाल्यासमोर मान डोलवतोस आणि बाहेर टपरीवर त्याला शिव्या देतोस. समोर बोल. प्रकल्प फसला तर फसला म्हणून लिही. तू दरवर्षी ‘सगळं छान’ लिहून पाठवलंस, म्हणून या कंपनीवाल्याला वाटतं की एका वर्षात वस्ती बदलते. याची सवय बिघडवण्यात तुझाही हात आहे.

आता पुन्हा तू, कंपनीवाल्या. तुझी आणि त्याची चूक एका तराजूत घालणार नाही मी. त्याच्या हातात पुढच्या महिन्याचा पगार नाही. तुझ्या हातात पेन आहे.

‘माझ्या हातात काही नाही सर, वर मुंबईत ठरतं.’ आलंच. याचीच वाट बघत होतो. वर कागद कोण पाठवतो? तूच ना? तीन पर्याय पाठवताना पहिल्यांदा झाडं कोण लिहितं? साहेबाला म्हाळुंग्यात आणायचं सोडून गेस्ट हाउसवरून परत कोण पाठवतं? दिल्लीला, मुंबईला चाकण म्हणजे नकाशावरचा ठिपका. त्यांना इथली वस्ती दिसत नाही, म्हणून तर तुला तिथं बसवलंय. तू डोळे मिटलेस तर कंपनी आंधळी.

ऐक आता. या आठवड्यात पाळी सुटताना वस्तीत जा. गाडी लांब लाव. कंपनीचा टी-शर्ट नको, फोटोग्राफर नको. तिथं काम करणाऱ्या बाईला एवढंच विचार : आमच्या कंपन्या आल्यापासून इथं काय बिघडलं? आणि ती बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस. खुलासा नको, ‘आम्ही हेही केलंय’ नको. लिहून घे. मग तिलाच विचार, यातलं कोणतं तीन वर्षांत हलू शकतं, आणि त्याला किती माणसं लागतील. माणसं, मशीन नव्हे. त्या माणसांचा पगार अंदाजपत्रकात सगळ्यात वर लिही. कागद ऑगस्टमध्ये वर पाठव, फेब्रुवारीत नाही. परत आला तर पुन्हा पाठव.

हे सगळं पुढचं. आधीचं काम वेगळं आहे. गेल्या वर्षीच्या संस्थेचा शेवटचा हप्ता तुझ्या टेबलावर अडकलाय. अहवाल ठरल्या नमुन्यात नाही म्हणून. काम झालंय, तू बघितलंयस, पोरं शिकतायत. तिथल्या शिक्षिकांचे पगार थकलेत आणि तू समासाची रुंदी मोजतोयस. आज जेवायच्या सुट्टीआधी सही कर. मग मला फोन कर, त्याआधी नको.